हरभरा डाळ आणि बेसनाची ॲलर्जी: मुलाला सांभाळताना काय माहीत हवे

दूध, अंडी, शेंगदाणे किंवा मासे यांची ॲलर्जी असते, हे आता बहुतेकांनी ऐकलेले असते. पण "आमच्या मुलाला हरभऱ्याच्या डाळीची ॲलर्जी आहे," असे बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या कार्यक्रमात सांगून पाहा. "डाळ कुणाला बाधते का?" असा प्रश्न येतो. कुणी म्हणते, "हरभरा वातूळच असतो, थोडा ओवा द्या." आणि कुणीतरी प्रेमाने मुलाच्या हातात बुंदीचा लाडू ठेवते.

हरभरा आपल्याकडे शेतात पिकतो, रोज घरात शिजतो आणि प्रत्येक सणात असतो. त्यामुळे या ॲलर्जीत दोन अडचणी एकदम येतात. पदार्थ टाळणे अवघड जाते आणि लोकांचा विश्वास बसत नाही. अशा मुलांच्या पालकांनी आणि घरातल्या इतर मंडळींनी काय करावे, याची माहिती या लेखात आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• हरभऱ्याची ॲलर्जी खरी असते आणि काही मुलांमध्ये ती जिवावर बेतू शकते.
• श्वासाचा त्रास, वारंवार उलट्या, ग्लानी यांपैकी काही दिसले तर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप त्याची जागा घेऊ शकत नाही.
• ॲड्रेनॅलिन जवळ कुठे मिळेल, हे रिॲक्शन येण्याआधी ठरवून ठेवा.
• तपासणी न करता सगळ्या डाळी बंद करू नका. मुलाची वाढ खुंटते.

हरभऱ्याची ॲलर्जी म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी असते. ॲलर्जी असलेल्या मुलात ती हरभऱ्यातील काही प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची अँटीबॉडी तयार करते. पुढच्या वेळी हरभरा पोटात गेला की या अँटीबॉडीमुळे शरीरातील काही पेशींमधून हिस्टामिन आणि इतर रसायने एकदम बाहेर पडतात. त्यामुळे खाज, सूज, उलट्या आणि श्वासाचा त्रास सुरू होतो.

ही ॲलर्जी पाश्चात्त्य देशांतल्या मुख्य ॲलर्जीच्या यादीत नसते, कारण तिथे हरभरा आपल्याइतका खाल्ला जात नाही. जिथे जे जास्त खाल्ले जाते, तिथे त्याची ॲलर्जी जास्त दिसते. स्पेनमध्ये मुलांना मसूर आणि हरभऱ्याची ॲलर्जी होते. आपल्याकडे मुंबईतील डॉ. पाटील, डॉ. निफाडकर आणि डॉ. बापट यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हरभरा हा भारतीय उपखंडातील एक प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ असल्याचे दाखवले. त्यामुळे तुमच्या मुलाचा त्रास ऐकून कुणी "असे काही नसते" म्हणाले, तर तो त्यांच्या माहितीतला अपुरेपणा आहे.

हरभऱ्यातील ही प्रथिने उष्णतेने सहजासहजी नष्ट होत नाहीत. त्यामुळे "चांगली शिजवली, खरपूस भाजली की बाधणार नाही," हा समज चुकीचा आहे. पुरण, तळलेली भजी, भाजलेले फुटाणे या सर्वांनी त्रास होऊ शकतो. काही मुलांना तर डाळ शिजतानाच्या वाफेनेही शिंका, खोकला किंवा धाप लागते.

गॅस, पित्त आणि ॲलर्जी यांतला फरक

हरभरा खाऊन पोट फुगणे, गॅस होणे, पोट जड वाटणे ही ॲलर्जी नाही. हरभऱ्यातील काही शर्करा आतड्यात पचत नाहीत, त्यांच्यामुळे हे होते. त्रास होतो, पण धोका नसतो.

ॲलर्जीचा त्रास सहसा खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत सुरू होतो आणि बहुतेक वेळा तो पदार्थ पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा होतो.

सौम्य लक्षणे:
• अंगावर लाल, खाजणारे चट्टे किंवा गांध्या उठणे
• ओठ, पापण्या यांना थोडी सूज
• तोंडात, घशात खाज. शिंका, नाक गळणे
• एखादी उलटी किंवा थोडे पोट दुखणे

गंभीर लक्षणे:
• आवाज घोगरा होणे, गिळता न येणे, लाळ गळणे, जीभ सुजणे
• सतत खोकला, छातीत घरघर, धाप
• वारंवार उलट्या, पोटात जोरात कळा
• चेहरा पांढरा पडणे, हातपाय गार पडणे, चक्कर, ग्लानी, बेशुद्धी
• लहान बाळ एकदम मलूल पडणे किंवा शांत होत नाही असे सतत रडणे

या गंभीर रिॲक्शनला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. अंगावर गांध्या नाहीत म्हणून ॲनाफिलॅक्सिस नाही, असे समजू नका. काही मुलांमध्ये त्वचेवर काहीच दिसत नाही आणि थेट श्वासाचा किंवा रक्तदाबाचा त्रास सुरू होतो.

आपल्याकडे गांध्या उठल्या की "पित्त उठले" म्हणतात आणि आमसुलाचे पाणी अंगाला लावतात. त्याने त्वचेला थोडे गार वाटेल, नुकसान काही नाही. पण ते लावत बसण्यापूर्वी मुलाचा श्वास, आवाज आणि चेहऱ्याचा रंग पाहा. प्रत्येक वेळी ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर "पित्त" उठत असेल, तर ती अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना दाखवा.

गंभीर रिॲक्शन आली तर काय करावे?

१. पदार्थ तोंडात असेल तर थुंकायला लावा, तोंड पुसा. बोटे घालून उलटी करायला लावू नका.

२. डॉक्टरांनी तुम्हाला ॲड्रेनॅलिन देऊन ते टोचायला शिकवले असेल, तर लगेच मांडीच्या बाहेरील बाजूस मध्यभागी, स्नायूत टोचा. "अजून थोडे बघू" असे करू नका. ॲनाफिलॅक्सिसमध्ये उशिरा दिलेले ॲड्रेनॅलिन हे मृत्यूचे एक मोठे कारण आहे.

३. १०८ क्रमांकावर फोन करा. "मुलाला ॲलर्जीची गंभीर रिॲक्शन आली आहे, श्वास लागतो आहे," असे स्पष्ट सांगा. गाव, वस्ती, जवळची खूण सांगा.

४. मुलाला आडवे झोपवा आणि पाय थोडे वर ठेवा. श्वास घ्यायला फार त्रास होत असेल तर टेकून बसू द्या. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. त्याला उभे करू नका, चालवू नका.

५. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे दुसरा डोस देता येतो.

६. बरे वाटले तरी रुग्णालयात जा. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. त्यामुळे साधारण चार ते सहा तास, आणि रिॲक्शन मोठी असेल तर त्याहून जास्त वेळ, देखरेखीखाली ठेवावे लागते.

वस्तीवरून निघताना मुलाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून धाव घेणे ही आपल्याकडची नेहमीची पद्धत आहे. ॲनाफिलॅक्सिसमध्ये रक्तदाब खाली आलेला असतो. अशा वेळी मुलाला ताठ बसवले तर मेंदू आणि हृदयाकडे जाणारे रक्त आणखी कमी होते. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर शेजारची चारचाकी मागवा आणि मागच्या सीटवर मुलाला झोपवून न्या. कोणाची गाडी रात्री-अपरात्री मिळू शकेल, हे आधीच बोलून ठेवा.

सर्वात जवळ जिथे ॲड्रेनॅलिन मिळेल तिथे आधी जा. प्राथमिक आरोग्य केंद्र पाच किलोमीटरवर असेल, तर ते ओलांडून थेट बारामती किंवा इंदापूर शहर गाठायचा प्रयत्न करू नका. पहिले इंजेक्शन घेऊन मग पुढे उपजिल्हा रुग्णालयात किंवा बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते.

सेट्रिझिनसारखे ॲलर्जीचे औषध खाज आणि गांध्या कमी करते. ते घशाची सूज थांबवत नाही आणि रक्तदाब वाढवत नाही. स्टेरॉईडचा परिणाम यायला काही तास लागतात. नेब्युलायझर दम्याला उपयोगी आहे, पण ॲनाफिलॅक्सिसमध्ये तो ॲड्रेनॅलिननंतर. दृष्ट काढणे, हळद-पाणी देणे यात मिनिटे जाऊ देऊ नका.

ॲड्रेनॅलिनची सोय आधीच कशी करावी?

परदेशात पेनसारखे, आपोआप टोचले जाणारे ॲड्रेनॅलिन मिळते. आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि बाहेरून मागवले तर महाग पडते. पण ॲड्रेनॅलिनची साधी काचेची ॲम्प्युल स्वस्त असते आणि सरकारी रुग्णालयांत असते.

ज्या मुलाला एकदा गंभीर रिॲक्शन आली आहे, किंवा ज्याला ॲलर्जीबरोबर दमाही आहे, त्याच्या पालकांनी "घरी ॲड्रेनॅलिन ठेवावे का?" हे बालरोगतज्ज्ञांना विचारावे. काही डॉक्टर ॲम्प्युल आणि सिरिंज देऊन पालकांना ती भरायला आणि टोचायला शिकवतात. हे शिकल्याशिवाय करू नका. डोस मुलाच्या वजनावर ठरतो. १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम औषध असलेल्या ॲम्प्युलमधून साधारणपणे:

• १० किलो वजन: ०.१ मिली
• २० किलो वजन: ०.२ मिली
• ३० किलो वजन: ०.३ मिली, आणि मुलांमध्ये एका वेळी सहसा याहून जास्त नाही

म्हणजे २० किलोच्या मुलाला अख्खी ॲम्प्युल दिली, तर ती पाचपट मात्रा होते. म्हणून तुमच्या मुलाचा डोस डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि वजन वाढेल तसा बदलून घ्या. १ मिलीची साधी सिरिंज वापरा. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिच्यावरच्या खुणा वेगळ्या असतात आणि सुई फार आखूड असते. इंजेक्शन स्नायूतच द्यायचे, घरी शिरेत कधीही नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. ॲम्प्युल गाडीच्या डॅशबोर्डवर, पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात ठेवू नका. ती तिच्या खोक्यातच, उजेडापासून दूर ठेवा. बर्फात गोठू देऊ नका. खोक्यावरील तापमान आणि मुदतीची तारीख पाहा. औषध तपकिरी किंवा गढूळ दिसले तर टाकून द्या.

आणखी एक काम एका दुपारी होण्यासारखे आहे. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मुलाला घेऊन भेटा आणि ॲलर्जीची कल्पना द्या. बाळांना लस देताना क्वचित गंभीर रिॲक्शन येऊ शकते, म्हणून लसीकरण करणाऱ्या केंद्रांत ॲड्रेनॅलिन ठेवलेले असते. रात्री केंद्रात कोण असते, कुणाला फोन करायचा, हे विचारून घ्या. गावातल्या आशाताईंनाही सांगून ठेवा.

निदान कसे होते?

सर्वात महत्त्वाची असते ती तुम्ही सांगितलेली हकिकत. काय खाल्ले, किती खाल्ले, किती मिनिटांनी काय झाले, किती वेळाने कमी झाले, हे लिहून ठेवा. गांध्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या बऱ्याचदा गेलेल्या असतात. पाकिटातला पदार्थ असेल तर पाकीट जपून ठेवा.

त्यानंतर डॉक्टर गरजेप्रमाणे पुढील तपासण्या सांगतात:

• त्वचेची प्रिक टेस्ट: हातावर पदार्थाचा अर्क टाकून बारीक टोचतात आणि साधारण पंधरा ते वीस मिनिटांत गांधी उठते का ते पाहतात. यापूर्वी ॲलर्जीची औषधे काही दिवस बंद ठेवावी लागतात. किती दिवस, ते डॉक्टर सांगतील.
• रक्तातील विशिष्ट आयजीई: हरभऱ्याविरुद्धची अँटीबॉडी मोजतात.
• खाऊ घालून चाचणी: शंका उरली तर रुग्णालयात, सर्व तयारीनिशी, अगदी थोड्या मात्रेपासून पदार्थ देऊन पाहतात. ही चाचणी घरी करू नका.

या तपासण्या ॲलर्जीचे काम करणाऱ्या तज्ज्ञांकडे होतात. त्यासाठी बहुधा पुण्याला जावे लागेल, तेव्हा आपल्या बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन जा.

एकाच रक्ताच्या नमुन्यात शंभर-दोनशे पदार्थ तपासणाऱ्या पॅकेजपासून सावध राहा. रक्तात अँटीबॉडी सापडणे आणि प्रत्यक्ष त्रास होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकात शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात बऱ्याच मुलांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध अँटीबॉडी सापडली, पण खरी ॲलर्जी फारच थोड्या मुलांना होती. असा अहवाल पाहून गहू, दूध, तांदूळ, डाळी सगळे बंद केले, तर मूल कुपोषित होते. आयजीजी नावाची अन्नचाचणी आणि केसांची तपासणी यांवरून ॲलर्जीचे निदान होत नाही.

हरभरा कुठे कुठे असतो?

हरभरा, चणा, काबुली चणे, छोले, हरभरा डाळ, चणाडाळ, डाळे, फुटाणे, बेसन, सत्तू ही सगळी एकाच पिकाची रूपे आहेत. कोवळी हरभऱ्याची भाजी, शेतातले ओले घाटे आणि भाजलेला हुळाही त्यातच आले. पिठले, झुणका, भजी, पुरणपोळी, बेसनाचे आणि बुंदीचे लाडू, शेव, फरसाण हे पदार्थ सर्वांच्या लक्षात येतात. चुका होतात त्या पुढील ठिकाणी:

• कढी, आणि पीठ पेरून केलेल्या भाज्या
• कटाची आमटी, कारण ती पुरणाच्या डाळीच्या पाण्याचीच असते
• गुळाची पोळी, जिच्या सारणात बेसन भाजून घालतात
• थालीपीठ आणि चकलीची भाजणी, मेतकूट, येसर
• चिवड्यातले आणि चटणीतले डाळे. तिळाच्या वडीत घातलेले डाळ्याचे कूट
• मटण-चिकनच्या रश्श्याला दाटपणा यावा म्हणून वाटणात घातलेले डाळे
• बटाटेवडा, अळूवडी, कोथिंबीर वडी, पाटवडी

गिरणी: ज्वारी किंवा गहू दळण्याच्या आधी त्याच जात्यावर हरभरा डाळ दळली असेल, तर तिचे पीठ तुमच्या पिठात येते. गिरणीवाल्यांना कारण सांगून सकाळचे पहिले दळण तुमचे करून घ्या. जात्यात आदल्या दिवशीचे पीठ राहिलेले असू शकते, म्हणून त्यापूर्वी थोडे तांदूळ फिरवून ते पीठ वेगळे काढायला सांगा. घरघंटी असेल तर तिच्यात हरभरा दळूच नका.

हॉटेल आणि गाडे: भजी तळलेल्या तेलातच साबुदाणा वडा, पापड, समोसे तळले जातात. पदार्थात बेसन नसले तरी तेलात असते. बाहेर तळलेले शक्यतो टाळा.

पाकिटे: अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांची ॲलर्जीची सूचना पाकिटावर वेगळी द्यावी लागते. या यादीत हरभरा नाही. म्हणजे "कंटेन्स" या ओळीत हरभरा दिसला नाही, तरी तो पाकिटात असू शकतो. घटकांची पूर्ण यादी वाचा. इंग्रजीत तो बेंगाल ग्रॅम, ग्रॅम फ्लोअर, चिकपी, चना किंवा बेसन अशा नावांनी लिहिलेला असतो. सुटे फरसाण आणि मिठाई यांवर तर काहीच लिहिलेले नसते.

त्वचा: बाळाला डाळीचे पीठ लावून अंघोळ घालण्याची पद्धत घराघरांत आहे. ॲलर्जी असलेल्या मुलाला ते लावू नका. ज्या बाळाची त्वचा इसबामुळे कोरडी आणि फाटलेली आहे, त्यालाही लावू नका. फाटलेल्या त्वचेतून अन्नातील प्रथिने आत गेली, तर ॲलर्जी तयार होण्याची शक्यता वाढते. दिवाळीच्या उटण्यातही बेसन असू शकते. हरभऱ्याच्या मळणीच्या वेळी उडणाऱ्या भुशापासूनही अशा मुलाला दूर ठेवा, विशेषतः त्याला दमा असेल तर.

इतर डाळींचे काय? मग मुलाने खायचे काय?

हरभरा, मसूर आणि वाटाणा यांची काही प्रथिने एकमेकांसारखी असतात. त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्या मुलाला दुसऱ्याचीही असू शकते. बाजारातल्या स्वस्त बेसनात वाटाण्याचे पीठ मिसळलेले असते, तेही लक्षात ठेवा.

नियम सोपा ठेवा. जी डाळ मूल आजपर्यंत त्रासाशिवाय खात आले आहे, ती चालू ठेवा. जी कधीच खाल्लेली नाही, ती सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. शेंगदाणाही शेंगवर्गीय आहे, पण मूल तो नीट खात असेल तर उगाच बंद करू नका.

हरभरा बंद केल्यावर त्यातली प्रथिने आणि लोह दुसरीकडून मिळायला हवे. मूग, तूर, मटकी यांपैकी जे चालते ते, दूध-दही, अंडी, मासे-मांस (घरात खात असाल तर), शेंगदाणे, तीळ, नाचणी, बाजरी, पालेभाज्या यांतून ते मिळते. कढीला तांदळाचे किंवा ज्वारीचे पीठ लावा. भजी मूगडाळ वाटून करा. पुरण तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीचे होते, आणि सांज्याची पोळी तर आहेच. दर तीन महिन्यांनी वजन-उंची नोंदवा.

अंगणवाडी आणि शाळा

शालेय पोषण आहारात वेगवेगळ्या कडधान्यांची उसळ असते, त्यात हरभराही असतो. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, अंगणवाडी सेविका आणि स्वयंपाक करणाऱ्या ताई या सर्वांना प्रत्यक्ष भेटा. तोंडी सांगणे विसरले जाते, म्हणून डॉक्टरांच्या सहीचा एक पानी कागद द्या. त्यावर हे असू द्या:

• मुलाचे नाव, फोटो, वजन
• काय चालत नाही: हरभरा, चणाडाळ, बेसन, डाळे, फुटाणे
• सौम्य आणि गंभीर लक्षणे
• लक्षण दिसल्यास क्रमाने काय करायचे
• पालकांचे दोन फोन क्रमांक, १०८, जवळचे आरोग्य केंद्र

डबा घरचा द्या. वाढदिवसाला वर्गात वाटला जाणारा खाऊ मुलाने घरी आणून दाखवावा, असे ठरवा. शाळेत त्याच्यासाठी वेगळा, चालणारा खाऊ एका डब्यात ठेवला, तर मूल हिरमुसत नाही.

सण, लग्न आणि वारी

होळीला पुरण, दिवाळीत शेव-चकली, यात्रेत चुरमुरे-फुटाणे, लग्नात बुंदी. ज्येष्ठ-आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, इंदापूरमार्गे जाते, तेव्हा गावोगाव अन्नदान होते. बेलवाडीच्या रिंगणाला आलेल्या मुलाला दहा हातांनी खाऊ मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मोठ्या पातेल्यात काय घातले आहे, हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अशा दिवशी मुलाला घरून जेवू घालून न्या आणि त्याचा डबा जवळ ठेवा. प्रसाद नाकारणे जड जाते. मुलाला तो हातात घेऊन, कपाळाला लावून आईवडिलांकडे द्यायला शिकवा. घरच्या पूजेला खडीसाखर, पेढा किंवा गूळ-खोबरे यांपैकी मुलाला चालणारा प्रसाद ठेवा, म्हणजे तो सर्वांबरोबर खाऊ शकतो. गर्दीत मुलाबरोबर कोण आहे आणि औषधाची पिशवी कुणाकडे आहे, हे ठरवूनच घराबाहेर पडा.

घरातली मंडळी आणि मुलाचे मन

बऱ्याच घरांत खरा ताण जेवणाच्या ताटापेक्षा नात्यांमध्ये असतो. "आमच्या वेळी असले काही नव्हते," असे आजी-आजोबा म्हणतात. "घासभर खाल्ल्याने सवय होईल," असे एखादी मावशी म्हणते. सगळा राग मग आईवर निघतो: हिने गरोदरपणात पथ्य पाळले नाही म्हणून असे झाले. तसे काही नसते. ही ॲलर्जी आईच्या खाण्यामुळे झालेली नाही.

वाद घालण्याऐवजी पुढच्या तपासणीला आजीलाच बरोबर घेऊन या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर आणि रिॲक्शनचे फोटो पाहिल्यावर त्याच आजी सर्वात कडक पहारेकरी होतात. "घासभर देऊन सवय" घरी करू नका. अशा पद्धतीने उपचार काही अन्नांसाठी केले जातात, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजलेल्या मात्रेने.

मुलाला त्याच्या वयाप्रमाणे खरे सांगा. चार-पाच वर्षांच्या मुलाला एक वाक्य पाठ करून द्या: "मला डाळीच्या पिठाची ॲलर्जी आहे, आईला विचारल्याशिवाय मी खात नाही." मोठ्या मुलाला लक्षणे ओळखायला आणि त्रास होताच लपवून न ठेवता सांगायला शिकवा. चोरून भेळ खाल्ली म्हणून ओरडा बसेल या भीतीने काही मुले एका कोपऱ्यात जाऊन बसतात. त्याला आधीच सांगून ठेवा, "काहीही खाल्लेले असले तरी आधी मला सांग, रागावणार नाही." आणि तो शब्द पाळा.

धाकट्या भावंडाला केवळ भीतीपोटी डाळींपासून दूर ठेवू नका. त्याला इसब किंवा दुसरी एखादी ॲलर्जी असेल तर मात्र डाळ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

ही ॲलर्जी कधी जाते का?

काही मुलांची डाळींची ॲलर्जी वाढत्या वयात कमी होते किंवा जाते, काहींची राहते. म्हणून वर्ष-दीड वर्षाने तज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घ्या. "बरेच दिवस काही झाले नाही, म्हणजे गेली असेल," असे धरून घरी खाऊ घालू नका. मूल मधल्या काळात हरभरा खातच नव्हते, म्हणून काही झाले नाही. दमा असेल तर त्याची औषधे नियमित चालू ठेवा, कारण आटोक्यात नसलेल्या दम्यात अन्नाची रिॲक्शन जास्त घातक ठरते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• कोणताही ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांच्या आत गांध्या, सूज किंवा उलट्या झाल्या असतील
• मुलाला दमा किंवा इसब आहे आणि अन्नाने त्रास वाढल्याची शंका आहे
• ॲलर्जीच्या भीतीने मुलाचे बरेच पदार्थ बंद केले आहेत आणि वजन वाढत नाही
• पूर्वी दिलेली ॲड्रेनॅलिनची ॲम्प्युल मुदत संपलेली आहे किंवा मुलाचे वजन बरेच वाढले आहे

श्वासाचा त्रास, घोगरा आवाज, ग्लानी यांपैकी काहीही असेल तर दवाखान्याची वेळ पाहू नका. ॲड्रेनॅलिन द्या किंवा जिथे ते सर्वात लवकर मिळेल तिथे मुलाला आडवे ठेवून न्या, आणि १०८ ला फोन करा.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या मुलाचे निदान, औषध आणि डोस यांबाबत तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.